अक्काच्या कोंड्यातल्या अळ्या

अळ्या नागपुरातून आल्या. बिस्किटांचा गोल डबा होता, झाकणाला दाभणाने भोके पाडलेली. आत मूठभर कोंडा आणि कोंड्यात चाळीसेक अळ्या, पिवळ्या, तुळतुळीत, बोटाच्या पेराएवढ्या. माझी थोरली बहीण, अक्का, दिवाळीच्या सुट्टीत तिच्या जुन्या शिक्षिकेला भेटायला गेली होती. परतताना भुसावळपर्यंत आणि पुढे बुऱ्हाणपूरपर्यंत तिने तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. गाडीत शेजारच्या बाईने विचारले, "काय, चिवडा का?" अक्का म्हणाली, "हो, पण फार तिखट आहे." हे तिने घरी सांगितले तेव्हा आमचे वडील, आबा, हसले. माय हसली नाही. तिने डबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

नवे मध्य प्रदेश राज्य होऊन दुसरे वर्ष चालू होते. नागपूर दुसऱ्या राज्यात गेले होते आणि आमच्या फायली भोपाळला. चार ठिकाणचे प्रदेश जोडून एक राज्य केले होते, तशा सरकारी माणसांच्या याद्याही जोडल्या जात होत्या. कोण कोणाच्या वर, कोण खाली, कोणाला कुठे पाठवायचे, हे ठरायला वर्षे लागली. आबा कचेरीत कागदांच्या नकला काढणारे नकलनवीस होते. त्यांना या वयात हिंदीची परीक्षा द्यावी लागली आणि ते पास झाले, त्याबद्दल ते घरात काही बोलले नाहीत.

अक्का मुलींच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत असे. त्या वर्षी मराठी शाळा आणि हिंदी शाळा एका इमारतीत आणल्या गेल्या. मुख्याध्यापिका एक, घंटा एक, विज्ञानाची खोली एक. विज्ञानाच्या बाई मात्र दोन होत्या: अक्का आणि उज्जैनकडून बदलून आलेल्या एक बाई. जागा एकच राहणार होती. दुसरीला जिथे जागा रिकामी असेल तिथे जायचे होते, आणि त्या वेळी रिकामी जागा सरगुज्यात होती, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास आणि पुढे मोटार.

मुख्याध्यापिका बाई सरळ होत्या. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितले की आठवीच्या नव्या अभ्यासक्रमात 'जीवित संग्रह' आहे. एखाद्या कीटकाच्या चारही अवस्था, अंडे, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला किडा, जिवंत दाखवायच्या. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी तपासणीसाठी बाई येतील, त्यांच्या शेऱ्यावर ठरेल. म्हणून अक्का नागपूरला गेली होती.

अक्का तेव्हा तीस वर्षांची होती. लग्न शाहपूरला, केळीच्या बागायतदाराकडे झाले होते. चार वर्षांनी तिला माहेरी पाठवले. कारण कोणी सांगितले नाही. मूल नव्हते एवढे सगळ्यांना दिसत होते. त्यानंतर ती मॅट्रिक झाली, नागपूरला शिक्षिकेचे ट्रेनिंग घेतले आणि शाळेत लागली. ती जागा होती म्हणून ती बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या आमच्या घरात राहू शकत होती. नोकरी करणारी मुलगी माहेरी राहते, याला लोक निदान तोंडावर काही म्हणत नसत. सरगुज्याला एकटी बाई जाणार नव्हती आणि नोकरी गेल्यावर ती माहेरी राहू शकणार नव्हती. हे आमच्याकडे कोणी उच्चारत नसे, पण जेवताना ताटे मांडली जात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात तेच असे.

अळ्या पाळणे कठीण नाही, असे अक्का म्हणे. धांदल करणाऱ्याच्या हातून त्या मरतात, कंटाळा न करणाऱ्याच्या हातून वाढतात. तिने रॉकेलचे दोन रिकामे डबे आडवे कापून घेतले, धार ठोकून आत वळवली आणि सोड्याने चार वेळा धुतले. पत्र्याची बाजू गुळगुळीत असते, अळीला चढता येत नाही. चक्कीवरून गव्हाचा कोंडा आणला. तो आधी कढईत गरम करून पूर्ण थंड करायचा, कारण कोंड्यात बारीक पांढरा किडा आधीच असतो आणि तो राहिला तर अळ्यांना पुरून उरतो. कोंडा चार बोटे जाड पसरायचा. पाणी द्यायचे नाही. पाण्याने कोंडा आंबतो, बुरशी धरते. त्याऐवजी बटाट्याची काप ठेवायची, तेवढ्या ओलीवर त्यांचे भागते, आणि काप दर दोन दिवसांनी बदलायची. वरून मलमलचे फडके. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

मागच्या अंधाऱ्या खोलीत ते टेबल होते. मी त्या वेळी बावीस वर्षांचा होतो, एका साप्ताहिकाच्या छापखान्यात प्रुफे तपासत असे आणि छोट्या बातम्या लिहीत असे. सकाळी वाट्यांत पाणी भरण्याचे काम अक्काने मला दिले होते. त्यामुळे मी जे सांगतो आहे त्यातले बहुतेक पाहिलेले आहे. जे ऐकलेले आहे तिथे तसे सांगेन.

अळी वाढताना कात टाकते. कोंड्यावर कातींचा हलका पिवळा थर साचतो, तो फुंकून काढायचा. मग एक दिवस अळी आखडते, पांढरी होते, पाय पोटाशी घेऊन पडून राहते. तो कोष. कोषाला चिमटीत धरायचे नाही, चमच्याने उचलायचे आणि वेगळ्या डब्यात ठेवायचे, नाहीतर बाकीच्या अळ्या तो खातात. आठ-पंधरा दिवसांत त्यातून भुंगेरा निघतो. आधी फिकट, मग तांबूस, मग काळा. भुंगेरे पुन्हा वेगळे, कारण ते स्वतःचीच अंडी खातात. अक्का हे सगळे शाळेतून आल्यावर करी, चहाच्याही आधी. माघात तिच्याकडे तीनशेच्या वर अळ्या होत्या. एका डब्यात भुंगेरे, एकात अळ्या, मातीच्या परळात कोष. अंडी दिसत नाहीत, ती कोंड्याला चिकटलेली असतात, म्हणून तिने भिंग मिळवून ठेवले होते.

"किडे वाढवून राह्यली," माय शेजारणीला सांगे. "घरात किडा दिसला तर बाया झाडू घेतात. आमची त्याले बटाटा कापून देते."

"तिले तरी कोणी पाहिजे ना पाळायले," शेजारीण म्हणाली. ते अक्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने होते. अक्काने आतून विचारले, "काकू, तुमच्या डाळीत पण आहेत म्हणे. आणू का काढायला चमचा?" शेजारीण आठवडाभर आली नाही.

उज्जैनकडच्या बाईंना अळ्या अक्कानेच दिल्या. हे मला तेव्हाही पटले नव्हते. बाई स्टेशनच्या बाजूला खोली घेऊन एकट्या राहत. त्यांनी आधी रेशमाचे किडे आणायचा प्रयत्न केला होता. तुतीचा पाला मिळाला नाही, ते मेले. एके दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, "दीदी, मुझे कुछ नहीं आता इसमें. आप बता देंगी?" अक्काने त्यांना चहा दिला, वाटीभर कोंडा आणि पन्नास अळ्या दिल्या, आणि काय करायचे ते कागदाच्या दोन बाजूंना लिहून दिले. कोंडा गरम करा, थंड होऊ द्या, बटाटा, वाट्या, चमचा. मराठीत.

त्या गेल्यावर मी विचारले, "जागा एकच आहे ना?"

"जागा एक आहे, अळ्या पुष्कळ आहेत," अक्का म्हणाली. "तिनं रिकामं टेबल घेऊन उभं राहावं आणि मी जिंकावं, असं मला नको."

माघ संपता संपता शाहपूरहून अक्काचे जेठ, म्हणजे थोरले दीर, आले. हा निरोप येणार हे मायला आधी माहीत असावे. त्या दिवशी घरात शिरा झाला होता. जेठ ओट्यावर बसले, केळीची एक फणी सोबत आणली होती. त्यांच्या आईला, म्हणजे अक्काच्या सासूला, अर्धांगवायूचा झटका आला होता. एक बाजू गेली होती. उचलावे लागते, पुसावे लागते. घरातली दुसरी सून बाळंतपणाला माहेरी.

"झालं ते गेलं," जेठ आबांना म्हणाले. "आम्ही मनात काही ठेवलं नही. सुनेनं आपल्या घरी यावं. भाऊ पण हो म्हणतो."

"भाऊ का नाही आला?" अक्काने आतून विचारले.

जेठांनी केळीची फणी आबांकडे सरकवली. "बागेत पाणी होतं."

"पाच वर्षं पाणीच चालू आहे का?"

आबांनी हात वर करून तिला गप्प केले. ते जेठांना म्हणाले की शाळेची तपासणी आहे, ती होऊ द्या, मग बघू. जेठ गेल्यावर माय आबांवर चिडली. बघू कसाले, असे तिचे म्हणणे होते. पाच वर्षांनी दार उघडले आहे, ते पुन्हा बंद होईल. आणि मग तिने माझ्याकडे पाहिले. माझ्यासाठी खकनारकडे एक स्थळ पाहिले होते. त्या लोकांनी घर पाहिले, आबांची नोकरी विचारली, आणि मग विचारले की मुलाची बहीण घरीच असते का. त्यानंतर त्यांचे पत्र आले नव्हते. हे सगळ्यांना ठाऊक होते. मी त्याबद्दल काही बोललो नाही. बोललो नाही याचा अर्थ मला त्याचे वाईट वाटत नव्हते असा नाही. मला त्या मुलीचा फोटो आवडला होता.

आमच्याकडे आखाजीच्या आधी वर्षाचा गहू भरतात. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो; लग्न झालेल्या मुली त्या सणाला माहेरी येतात, झोके बांधतात, आणि सण झाला की सासरी परततात. त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत घरोघर धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, गहू पसरलेला असतो. चैत्रातले ऊन. जुनी लुगडी अंथरायची, त्यांवर धान्य पातळ पसरायचे, दुपारभर ऊन खाऊ द्यायचे. धान्यात सोंडा-किडा असेल तो उन्हाने बाहेर पळतो आणि चिमण्या-साळुंक्या टिपतात. मग गव्हाला एरंडेल चोळायचे, कोठीत निंबाचा पाला घालायचा, वरून शेणामातीने तोंड लिंपायचे. किडा लागलेल्या कुठल्याही दाण्याला, पिठाला, कोंड्याला हाच उपाय. ऊन दाखवायचे. इतवाऱ्यातली कोणतीही बाई डोळे मिटून तेच करेल.

त्या वर्षी गहू आणि अळ्या एकाच घरात होत्या, म्हणून भांडण झाले. मायचे म्हणणे की किडा तो किडा, डब्यातून कोठीत जायला त्याला रेल्वेचे तिकीट लागत नाही. अक्काने तिला डब्याजवळ नेऊन दाखवले की अळी चढत नाही, फडके बांधलेले आहे, पाय पाण्यात आहेत.

"आणि तो काळा? त्याले पंख हायत ना?"

"आहेत, पण तो उडत नाही, माय."

"तुले काय माहीत तो कधी उडंल."

"तपासणी झाली की सगळे शाळेत नेते. पंधरा दिवस फक्त. तोवर हात लावू नको."

"मी कसाले हात लावू," माय म्हणाली.

हे संभाषण माझ्यासमोर झाले. ते महत्त्वाचे आहे म्हणून शब्द तसेच दिले आहेत.

तपासणी आखाजीच्या तीन दिवस आधी ठरली. अक्काने दिवस मोजून कोष राखले होते. त्या दिवशी अर्धे फुटतील आणि अर्धे राहतील असा तिचा हिशोब होता. ऊन वाढले तसे तिने खिडकीला ओले गोणपाट टांगले. ती खोली घरातली सगळ्यात गार झाली. आबा दुपारी तिथेच चटई टाकून झोपू लागले.

तपासणीच्या चार दिवस आधीची गोष्ट. आबा कचेरीत, अक्का शाळेत. मी दुपारी जेवायला घरी आलो होतो. हात धुताना मागच्या खोलीतून पत्रा घासल्याचा आवाज आला. माय डबा कडेवर घेऊन जिन्याकडे चालली होती. फडके तिच्या खांद्यावर होते.

मी विचारले, "माय, हे कुठं नेऊन राह्यली?"

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "कोंड्याले कीड लागली. ऊन दाखवते."

पाच-सहा महिने त्या खोलीत कोण काय करत होते हे तिला माहीत होते. मलाही माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होते. तरीही ती हे वाक्य मला म्हणाली. पुढे जे कोणाला सांगायचे ते तिने आधी मला सांगून पाहिले, असे मला आज वाटते.  तिने वर जाऊन पहिला डबा ठेवला आणि दुसऱ्यासाठी खाली आली. मी पाटावर बसून जेवलो. भाजी गवारीची होती. ती तिसऱ्यांदा खाली आली तेव्हा तिच्या हातात कोषांचे परळ होते आणि तोवर माझे जेवण संपले होते. मी छापखान्यात परत गेलो. त्या दुपारी मी चार पाने तपासली आणि त्यांत एकही चूक राहिली नाही.

संध्याकाळी मी आलो तेव्हा अक्का धाब्यावर होती. दोन जुन्या लुगड्यांवर कोंडा पातळ पसरलेला, एकसारखा, मायचा हात तसा चांगला होता. कोंड्यात काही नव्हते. काती होत्या. वाळलेल्या बटाट्याच्या कापा होत्या. चिमण्या अजून उडून गेल्या नव्हत्या, एक साळुंकी कठड्यावर बसून चोच पुसत होती. अक्का गुडघ्यांवर बसून बोटांनी कोंडा चाळत होती. तिला एक भुंगेरा सापडला, लुगड्याच्या दुमडीत, उलटा पडलेला. तिने तो तळहातावर घेतला आणि फुंकर मारली. तो हलला नाही.

खाली येऊन तिने विचारले, "माय, तू काय केलं?"

"मले वाटलं कोंड्याले कीड लागली," माय म्हणाली. "आखाजी आली. सगळ्याच धान्याले ऊन दाखवलं, त्याच्यात तो पण गेला."

"तुला माहीत होतं."

"म्हातारं माणूस. ध्यानात राह्यलं नही."

माय तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. आबा टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "अगं, ती काय मुद्दाम करील? आईच आहे ना. बाया उन्हाळ्यात करतात तेच केलं." शेजारीण भिंतीपलीकडून ऐकत असावी, तिचे पाणी ओतणे थांबले होते. आणि त्या वाक्यापुढे खरेच काही म्हणता येत नव्हते. बाया करतात तेच तिने केले होते. इतवाऱ्यात कोणालाही विचारले असते तर त्याने मायचीच बाजू घेतली असती.

अक्का माझ्याकडे वळली. "दुपारी तू घरी होतास?"

"नाही," मी म्हणालो. "काम होतं."

दुसऱ्या दिवशी अक्का स्टेशनजवळ उज्जैनच्या बाईंच्या खोलीवर गेली. मी सायकल घेऊन बरोबर गेलो आणि दाराबाहेर उभा राहिलो, त्यामुळे हे ऐकलेले आहे. बाईंच्या अळ्या जिवंत होत्या. त्यांच्याकडे सगळे मिळून साठ-सत्तर जीव होते. अक्काने सांगितले काय झाले ते. कोणी केले ते सांगितले नाही.

 त्यावर बाई म्हणाल्या, "दीदी, झूठ नहीं बोलूँगी. आधे दे दूँ तो आप मुझसे अच्छा दिखाएँगी. मुझे सरगुजा नहीं जाना. मेरा वहाँ कोई नहीं."

"माझंपण नाही," अक्का म्हणाली. तिने ते मराठीत म्हटले. बाईंना कळले.

त्यांनी पाच अळ्या दिल्या. कागदाच्या पुडीत, कोंड्यासह. कोष दिला नाही, भुंगेरा दिला नाही. अक्काने पुडी घेतली आणि आभार मानले. परत येताना ती सायकलच्या मागे बसली नाही, चालत आली, आणि मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चाललो. वाटेत ती एकदाच बोलली. "तिनं खरं सांगितलं," ती म्हणाली. "आज खरं सांगणारी ती एकटीच." मी सायकलची घंटी नीट आहे का ते पाहत राहिलो.

तपासणी मी पाहिली नाही. अक्काने सांगितले ते असे. तपासणीसाठी आलेल्या बाई भोपाळहून आल्या होत्या, चष्म्याच्या, घाईत. दोन टेबले लावलेली. उज्जैनच्या बाईंच्या टेबलावर काचेच्या बरणीत चारही अवस्था होत्या आणि मागे भिंतीवर मोठा तक्ता: चोकर गरम कीजिए, ठंडा होने दीजिए, आलू का टुकड़ा, पानी की कटोरियाँ, चम्मच. अक्काने मराठीत लिहिलेला कागद, ओळीने ओळ, सुंदर हिंदी अक्षरांत. तपासणीच्या बाईंनी तो तक्ता पूर्ण वाचला आणि "बहुत व्यवस्थित" म्हणाल्या. अक्काच्या टेबलावर एका बशीत पाच अळ्या होत्या आणि उरलेल्या अवस्थांची तिने काढलेली चित्रे.

"बाक़ी कहाँ हैं?"

"मर गए," अक्का म्हणाली.

"कैसे?"

"धूप में."

"आपने धूप में रखे?"

 मुख्याध्यापिका अक्काकडे पाहत होत्या. मग ती "जी" म्हणाली. मायचे नाव तिथे घेणे तिला जमले नाही. तपासणीच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि पुढच्या खोलीत गेल्या.

आखाजीला शेजारच्या तिन्ही मुली माहेरी आल्या. गल्लीत झोके होते. शेजारीण मायला म्हणाली, "तुमची आली का आखाजीले?" आणि स्वतःच उत्तर दिले, "अरे, ती तर गेलीच नही ना." माय त्या दिवशी हसली. म्हणाली, "जाईल. आता जाईल."

बदलीचा हुकूम सुट्टी लागल्यावर आला. सरगुजा, आणि रुजू होण्याची मुदत सुट्टी संपेपर्यंत. अक्काने तो दोनदा वाचला, घडी केली आणि आबांना म्हणाली, "मी जाते."

"एकटी?"

"तिथं शाळा आहे. बायांना खोली देतात. मुख्याध्यापिका बाई पत्र देणार आहेत."

आबा म्हणाले की कोणी पोचवायला गेले, जागा पाहिली, शेजार पाहिला, तर ते हरकत घेणार नाहीत. त्यांना स्वतःला रजा नव्हती आणि दम्याने इतका प्रवास झेपणार नव्हता. म्हणजे मी. माय म्हणाली, "त्याले सुट्टी कुठून मिळंल?" अक्का मला म्हणाली, "आठ दिवस लागतील. जायचे तीन, यायचे तीन, मधे दोन. विचारशील?"

मी विचारतो म्हणालो. त्या आठवड्यात खकनारच्या लोकांचे पत्र आले होते, पाच महिन्यांनी. त्यांना कोणीतरी कळवले होते की मुलाची बहीण आता सासरी जाणार आहे. मायने ते पत्र माझ्या उशीशी ठेवले होते. दोन दिवसांनी अक्काने विचारले तेव्हा मी सांगितले की मालक नाही म्हणतात, एकटाच प्रुफे पाहणारा आहे. मालक भले गृहस्थ होते. मी त्यांना विचारलेच नव्हते.

 तिने पाहिले माझ्याकडे, धाब्यावरून खाली आल्यावर पाहिले होते त्याहून थोडे कमी वेळ. मुदत संपायच्या आत शाहपूरचे जेठ बैलगाडी घेऊन आले. या वेळी त्यांनी केळीचा अख्खा घड आणला होता.

अक्काने शाहपूरला जाण्याआधी राजीनामा लिहून पाठवला होता. मराठीत, चार ओळी. पावसाळ्यात तो कचेरीतून परत आला. वर लाल पेन्सिलीने लिहिले होते की हिंदीत सादर करावा, तोवर सेविका अनुपस्थित मानली जाईल. घरात हिंदी चांगली लिहिणारा मी होतो. मी तो लिहिला, स्वच्छ कागदावर, समास सोडून, आणि सही घ्यायला शाहपूरला गेलो.

तिचे सासर रस्त्यापासून आत होते, केळीच्या ओळींतून चिखलात चालावे लागले. ती ओसरीवर सासूला कूस बदलून देत होती. म्हातारीचे वजन चांगले होते. अक्काने पाठीखाली हात घातला, गुडघा खाटेला टेकवला आणि एका दमात तिला फिरवले. सरावाने येते तसे. तिचा नवरा बागेत होता. तिने हात धुतले, मला पाणी दिले आणि कागद घेतला.

"तुझं जमलं म्हणे," ती म्हणाली.

"हो. कार्तिकात आहे."

"चांगलं झालं." ती वाचू लागली. मधे बोट ठेवले. "घरेलू कारणों से."

"तसंच लिहितात," मी म्हणालो. "सगळ्याच बाया तसं लिहितात."

"कोणतं घर, ते विचारत नाहीत?"

"नाही."

तिने पेन मागितले. माझ्या खिशातले दिले. कागद भिंतीला धरून तिने सही केली, मराठीत, नाव आणि नवऱ्याचे नाव आणि आडनाव. ते चालेल का, तिने विचारले. सही कोणत्याही भाषेत चालते, मी सांगितले. आतून म्हातारीने हाक मारली तेव्हा शाई वाळली नव्हती. अक्का पेन परत न देताच आत गेली. मी कागद हवेत धरून वाळवला, पाकिटात घातला आणि दुपारच्या मोटारीने बुऱ्हाणपूरला आलो. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत दिला आणि पोच घेतली.